मडक्यामागची पावलं

शालिग्राम बोरशांची मिशी गेली त्याच दिवशी ती पदयात्रा रद्द करायला हवी होती, असं भटूअण्णा आजही म्हणतात. अर्थात भटूअण्णांच्या म्हणण्याला किती धरून बसायचं? सुरतेतल्या गोडादऱ्याच्या त्या गल्लीत सल्ला द्यायचा भटूअण्णांनी आणि निस्तरायचा शालिग्रामभाऊंनी, अशी वाटणीच ठरलेली होती. मिशी जरा नीट करून घ्या, पेपरात फोटो येणार आहे, हा सल्लाही अण्णांचाच होता. न्हाव्यानं आधी डावी बाजू जास्त उतरवली, मग तिला जुळवून घ्यायला उजवी, मग उजवीला जुळवायला पुन्हा डावी. अशा रीतीनं मिशीचा कारभार आटोपला. घरी सरलाबाईंनी दार उघडलं, नवऱ्याच्या सपाट ओठाकडे बघितलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "मामंजींना जाऊन किती वर्षं झाली. आता ही कोणासाठी काढली?"

खरं तर हा प्रश्न विनोदाचा होता. पण विचारताना सरलाबाईंना हसू आलं नाही आणि ऐकताना शालिग्रामभाऊंनाही आलं नाही.

पदयात्रा कशाची, तर शववाहिनीची. म्हणजे शववाहिनी घेण्यासाठी पैसे जमवायचे म्हणून सुरतेहून नवापूरपर्यंत पायी जायचं, वाटेत भेटेल त्याच्याकडून देणगी घ्यायची, आणि महाराष्ट्राच्या हद्दीत पाय ठेवून यात्रा संपवायची. आता भला माणूस म्हणेल की असं खूळ सचिन गावच्या डाइंग मिलमधल्या एका पोक्त सुपरवायझरच्या डोक्यात आलंच कसं? तर ते त्याआधीच्या श्रावणात आलं.

गल्लीच्या टोकाला रामदास राहायचा. लूमवर कामाला. मशीनच्या पट्ट्यात सापडून त्याचा उजवा पाय कायमचा गेला होता, म्हणजे होता जागेवर, पण घासत यायचा. रात्रपाळी करून तो घरी यायचा तेव्हा गल्लीला अंथरुणातच कळायचं: एक पाऊल वाजायचं, एक घासायचं. सपक, खर्र. सपक, खर्र. दूधवाल्याच्या आधी रामदास. तो श्रावणात तापानं गेला. बाहेर धो धो पाऊस, गल्लीत गुडघाभर चिखल, आणि गोडादऱ्याचं नाव ऐकून एकही गाडी यायला तयार होईना. शेवटी शालिग्रामभाऊंनी ओळखीतून कापडाचा टेम्पो आणला. रामदासला मुलगा नव्हता, एकुलती एक मुलगी विसरवाडीला दिलेली, भाऊ खानदेशातल्या गावाहून निघालेला पण वाटेत अडकलेला. तेव्हा विस्तवाचं मडकंही शालिग्रामभाऊंच्याच हातात आलं. ते धरून ते ड्रायव्हरशेजारी बसले. बायकांना रिवाजाप्रमाणे गल्लीच्या तोंडाशी थांबवलं. टेम्पो निघाला. आणि रिंगरोडला येताच ड्रायव्हरनं गाडी कडेला घेऊन दोन गठ्ठे चढवले. म्हणाला, "रस्त्यातच आहे हो, तेवढाच एक फेरा वाचतो." रामदास तापीकाठच्या स्मशानात गेला तो साड्यांच्या गठ्ठ्यांना टेकून.

ही गोष्ट शालिग्रामभाऊंच्या घशाखाली उतरेना. कोजागिरीला गल्लीतल्या मंडळाच्या बैठकीत सगळे मसाला दूध पीत असताना ते उठून म्हणाले, आपली स्वतःची गाडी पाहिजे. अध्यक्ष म्हणाले, पाहिजे, पण पैसे? आणि भाऊंच्या तोंडून निघून गेलं, मी चालत जाऊन आणतो. म्हणतात ना, हात दाखवून अवलक्षण. अध्यक्षांनी लगेच ठराव केला: नवापूर गाठलं तर मंडळ गाडीचं बघेल, वाटेत सोडलं तर जे जमेल ते गणपतीच्या लायटिंगला. अध्यक्षांच्या साडूचं लायटिंगचं दुकान होतं, हे सगळ्यांना माहीत होतं आणि कोणीच बोललं नाही.

मग तयारी सुरू झाली. देणगीसाठी पत्र्याची पेटी ठरली, तर किल्ली कोणाकडे यावर दोन रविवार भांडण. भटूअण्णा म्हणाले, किल्लीच नको. मडकं घ्या. तोंड कापडानं बांधून टाका, कापडाला चीर ठेवा, आणि नवापूरला सगळ्यांसमोर फोडा. संशयाला जागाच नाही. सगळ्यांना पटलं. मडकं हातात धरून रग लागेल म्हणून निंबानं, म्हणजे गल्लीतल्या फिटरनं, सुतळीचं झकास शिंकाळं करून दिलं. समाजकार्य म्हणजे पांढरे कपडे हवेत म्हणून मिलच्या एका एजंटानं कोरं पांढरं पॉपलीन दिलं, त्याचा सदरा-पायजमा शिवला. थंडीला खांद्यावर पांढरं उपरणं. एकेक वस्तू बघितली तर कुठेही काही वावगं नव्हतं. सगळ्या एका माणसाच्या अंगावर एकदम कोणी बघितल्या नव्हत्या, एवढंच.

तेवढ्यात धर्मेंद्र आला. हा मंडळाचा चिटणीस, तरुण, लुनावरून फिरणारा, अर्धं गुजरातीत बोलणारा. म्हणाला, "काका, सरघस काढायचं, म्हणजे मिरवणूक, तर पोलीस परमिशन पाहिजे." चौकीवरच्या रायटरनं दोघांना तासभर उभं केलं, मग विचारलं, "मूर्ती छे? बेंडवाजा छे? नेता छे?" तिन्हीला नाही. "तो पछी सरघस शेनुं?" म्हणजे मग मिरवणूक कसली? भाऊंनी सगळं समजावून सांगितलं. रायटरनं डोकं खाजवलं. त्याच्या माहितीप्रमाणे रस्त्यानं चालणाऱ्या घोळक्याच्या तीनच जाती होत्या: धर्माचा, पक्षाचा आणि शेवटचा. शेवटच्याला परमिशन लागत नाही, असं सांगून तो हिंदीत म्हणाला, "कोई पूछे तो बोलना, मय्यत है." धर्मेंद्रला हे फार आवडलं. बाहेर येऊन तो दिवसभर सगळ्यांना सांगत सुटला की काम फुकटात झालं.

निघायचा दिवस उजाडला तो धुक्यात. संक्रांत नुकतीच झालेली, तारांवर फाटके पतंग लटकत होते. शालिग्रामभाऊ, भटूअण्णा, निंबा, धर्मेंद्र असे चौघं. सरलाबाई ओवाळायला ताट घेऊन बाहेर आल्या. बिनमिशीचा, पांढऱ्या कपड्यातला, शिंकाळ्यात मडकं धरलेला नवरा आणि त्याच्यामागे तीन माणसं बघून त्यांचा हात वर जाईना. त्यांनी ताट गुपचूप ओट्यावर ठेवलं.

"काय झालं?" भाऊंनी विचारलं.

"काही नाही. येतो म्हणा."

पण मागून अण्णा घाई करत होते, आणि त्या घाईत भाऊंच्या तोंडून "जातो" असंच गेलं. गल्लीच्या टोकाला रामदासच्या घराला कुलूप दिसलं. शोभाबाई, म्हणजे रामदासची बायको, मुलीकडे गेली असेल, असं निंबा म्हणाला. आणि ते वळले.

नवे कॅनव्हासचे बूट पहिल्या तासातच चावले. भाऊंनी ते काढून निंबाच्या पिशवीत टाकले आणि अनवाणी चालू लागले. म्हणजे जी काही कसर राहिली होती, तीही भरून निघाली.

रस्त्यावर पहिलं नवल असं की कोणी काही विचारेचना. भाऊंनी देणगी मागण्याचं छानसं भाषण पाठ केलं होतं, गुजरातीत एक आणि मराठीत एक. पण ते तोंड उघडायच्या आत लोक हात जोडायचे. सायकलवाले खाली उतरून उभे राहायचे. पानवाल्यानं रेडिओ बंद केला. एका म्हातारीनं घरातून मूठभर कुरमुरे आणून वाटेत उधळले, त्यात चार नाणी. धर्मेंद्र नाणी वेचून मडक्यात टाकू लागला तेव्हा म्हातारी त्याच्याकडे अशी बघायला लागली की त्यानं दोन परत ठेवली. काही माणसं तर दुकान सोडून मागे यायची, चार पावलं मुकाट्यानं चालायची आणि परत फिरायची. एक जण भटूअण्णांना कानात विचारता झाला, "पुढे गेले का?" अण्णा म्हणाले, कोण? तो म्हणाला, "नेणारे."

अण्णा बारा गावचं पाणी प्यालेले. पण तेही काठी उचलून भराभर चालू लागले.

चलथाणला साखर कारखाना जोरात चालू होता. धुरांड्यातून राख उडून धुक्यात मिसळत होती आणि अलगद खाली येत होती. भाऊंच्या खांद्यावर, उपरण्यावर, मडक्यावर बारीक काळी-पांढरी राख बसली. ऊसतोडीला आलेल्या खानदेशातल्या टोळीचं पाल रस्त्याकडेलाच होतं. त्यांनी चौघांना बघितलं, बोलावून बसवलं, एक अक्षर न विचारता पिठलं-भाकरी वाढली. जेवण झालं तसा टोळीतला एक म्हातारा कडुलिंबाची डहाळी घेऊन आला आणि प्रत्येकापुढे चार पानं धरली. आता कडुलिंबाची पानं जेवणानंतर कोणाला देतात, हे खानदेशातल्या पोरालाही ठाऊक असतं. स्मशानातून आलेल्याला. पण खाल्ल्या अन्नाला नाही कसं म्हणायचं? भाऊंनी मुकाट्यानं चावली.

"बाबा, आमच्यात कोणी गेलेलं नाही," ते म्हणाले. "हे गाडीसाठी आहे. शववाहिनी."

म्हाताऱ्यानं मान हलवली. दुःखानं माणूस काहीही बोलतो, अशी ती मान होती. मग म्हणाला, "मडकं हातात शे तोवर मांगे पाहू नका, भाऊ." आणि रस्त्याकडे हात करून, "मांगेवालं बसेल शे तिकडे, त्यालेबी भाकर दिन्ही."

चौघांनी एकमेकांकडे बघितलं. चौघं तर इथंच बसले होते.

"मागेवालं कोण?" निंबानं विचारलं.

"तुमनाच मांगे उनं," तुमच्याच मागून आलं, असं म्हणून म्हातारा भांडी उचलून गेला.

धर्मेंद्र उठून रस्त्यावर जाऊन आला. धुकं आणि राख, दुसरं काही दिसत नव्हतं, असं म्हणाला. पण आल्यापासून त्याच्या तोंडातलं गुजराती गेलं, हिंदी गेलं, तो शुद्ध मराठी बोलायला लागला. कडोदऱ्याच्या चौकात त्याला आठवलं की मंडळाचा शिक्का त्याच्याकडेच राहिलाय. शिक्क्यावाचून मंडळाचं काय अडतंय, असं भाऊ विचारणार, तोवर तो मागच्या बाजूनं टेम्पोत चढलाही होता.

संध्याकाळी ट्रकांची गर्दी कमी झाली आणि दोन्ही बाजूंनी ऊस उभा राहिला, तेव्हा शालिग्रामभाऊंनी पहिल्यांदा ते ऐकलं. त्यांची अनवाणी पावलं वाजत नव्हती. निंबाचे बूट चर्र चर्र वाजत होते, अण्णांची काठी टकटक करत होती. आणि या सगळ्याच्या मागे, जरा लांब, एक पाऊल वाजत होतं आणि एक घासत होतं. ते थांबले की ते थांबायचं. निघाले की निघायचं.

मागे बघण्यात काय होतं? मान वळवायची, बघायचं, संपलं. भाऊ स्वतःला असं समजावत होते. ते काही अडाणी नव्हते, मिलमध्ये त्यांच्या हाताखाली वीस माणसं होती. पण मान वळेना. मडकं उजव्या हातात लोंबत होतं, आत नाणी खुळखुळत होती, आणि मान जणू शिंकाळ्याला बांधलेली होती.

बारडोलीच्या धर्मशाळेत मॅनेजरनं मडकं बघून आत घेतलं नाही, ओसरीवर झोपा म्हणाला. वर चहा दिला तो लांबून सरकवून. सकाळी निंबाचं पोट बिघडलं होतं. पोट बिघडलं हे तो म्हणाला. भाऊंना त्याचा चेहरा बिघडलेला दिसला.

"निंबा, तू मागे पाहिलंस का?"

"पाहिलं."

"मग?"

निंबा बराच वेळ बुटाची नाडी बांधत बसला. "लांब होतं," तो म्हणाला. "डोक्यावरून घेतलेलं. तोंड नाही दिसलं. पण भाऊ, तो पाय ज्या मशीनमध्ये गेला, तिचा पट्टा मीच दुरुस्त केला होता. ती चाल मला कळते." आणि तो सकाळच्या गाडीनं सुरतेला गेला. जाताना भाऊंचे बूट द्यायला विसरला, म्हणजे ते अनवाणी राहिले ते राहिलेच.

आता उरले भटूअण्णा. यांनी मात्र कमाल केली. दिवसभर ते भुताखेतांची टिंगल करत चालले. चकवा म्हणजे काय, हडळ म्हणजे काय, लोक कसे मूर्ख असतात, आपल्या गावच्या पिंपळाखाली आपण कसे एकटे झोपलो होतो, याचे किस्से त्यांनी व्याऱ्यापर्यंत पुरवले. आवाज मात्र एरवीपेक्षा मोठा होता आणि एकही किस्सा संपत नव्हता, कारण संपला असता तर मधे शांतता आली असती. व्याऱ्याच्या अलीकडे एका वळणावर त्यांना खोकला आला. त्या खोकल्याच्या अलीकडे-पलीकडे जेवढी शांतता झाली, तेवढ्यात ते आलं. सपक, खर्र.

"शालिग्राम," अण्णा पुढेच बघत म्हणाले, "रामदासला आपण नीट पोचवलं होतं ना?"

भाऊंनी शिंकाळं घट्ट धरलं.

"नाही, म्हणजे त्याची इच्छा होती म्हणे गावाकडे न्यायची. मला बोलला होता. आजारात बोलला होता. मी म्हटलं पावसात कुठे." अण्णांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. "आणि आपण आता गावाकडेच चाललोय. मडकं घेऊन."

हा माणूस आयुष्यभर सल्ला देत आला होता. व्याऱ्याच्या स्टँडवर त्यानं पहिल्यांदाच दिला नाही. भाऊंच्या खांद्यावर हात ठेवला, डोळ्यांत पाणी आणलं आणि सुरतेच्या गाडीत बसून गेला.

शालिग्रामभाऊ एकटे राहिले. खोटं कशाला बोला, त्यांनीही एस.टी.ला हात केला. लायटिंग तर लायटिंग, अध्यक्षांचा साडू तर साडू, असं मनाशी म्हणूनच केला. नवापूरची गाडी थांबली, कंडक्टरनं दार उघडलं, वरपासून खालपर्यंत त्यांना बघितलं आणि म्हणाला, "मडकुं लईने नहीं बेसाय." भाऊंनी समजावलं की यात देणगी आहे. कंडक्टर म्हणाला, असेल, पण आत चाळीस माणसं बसली आहेत. बायकांनी पोरांची तोंडं झाकून घेतली. मडकं खाली ठेवून एकटेच चढावं, तर लोकांचे पैसे रस्त्यात टाकून कसं जायचं? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. गाडी गेली आणि ते पुन्हा चालू लागले. थोड्या वेळानं मागेही चाल सुरू झाली.

सोनगडच्या पुढे डोंगर सुरू झाले आणि सागाची झाडं. पाय सुजून वीट झालेले. उघड्या पायानं, राखेनं माखलेल्या कपड्यात, वाढलेल्या दाढीनं चालणाऱ्या त्या माणसाला आता कोणी कुरमुरेही टाकत नव्हतं. समोरून येणारे रस्ता सोडून शेतात उतरायचे. भाऊंना भीती वाटत होती, पण तिच्या पोटात दुसरंच काहीतरी होतं आणि ते जास्त दुखत होतं. रामदास आला असेल तर तो कशासाठी आला, हे त्यांना कळत होतं. आपण त्याला गठ्ठ्यांना टेकवून नेलं. दहा मिनिटांत नेलं. पावसात भिजायला नको म्हणून आपणच ड्रायव्हरला म्हणालो, जरा दाबून घे. आता तो बिचारा पायी निघालाय, त्याच्या त्या पायानं. त्यांनी आपली चाल कमी केली. भुताला दम लागू नये म्हणून चाल कमी करणारा माणूस सुरत जिल्ह्यात तरी दुसरा झाला नसेल.

शेवटची रात्र एका बंद चहाच्या टपरीच्या आडोशाला काढून ते फटफटताच निघाले. धुकं असं होतं की हातातलं मडकं दिसत नव्हतं. हद्द आता जवळ होती. तिथं मंडळाची जीप येणार होती, हार येणार होते, फोटोवाला येणार होता. आणि मागचा आवाज आज जवळ होता. पहिल्यांदाच इतका जवळ की श्वास ऐकू येत होता. थकलेला, तोंडानं घेतलेला श्वास.

भाऊ थांबले. तो थांबला.

"रामदास," भाऊ पुढेच बघत म्हणाले. त्यांचा आवाज त्यांनाच ओळखू आला नाही. "चुकलं बाबा आमचं. पण तुला अर्ध्यात सोडत नाही. चल."

मागे कोणी तरी रडू लागलं.

भुतं रडतात असं भाऊंनी ऐकलं होतं. पण पदरानं नाक पुसतात असं ऐकलं नव्हतं. आणि मग तो आवाज आला, अगदी गल्लीतला, नळावरचा, "भाऊ, मी शे. शोभा."

शालिग्रामभाऊंनी मान वळवली. हातात मडकं असताना वळवली. शोभाबाई चार हातांवर उभी होती, डोक्यावरून धुरकट लुगड्याचा पदर, काखेत बोचकं, ओठ थंडीनं फुटलेले. आणि पायात पुरुषी, तिच्या पावलाला मोठ्या होणाऱ्या चपला. उजव्या चपलेचा तळ एका बाजूनं पार झिजून गेलेला, ती निसटू नये म्हणून पाय घासतच यायचा.

"त्यासन्या चपला शेतस," ती म्हणाली. "त्या तरी चालत जावोत म्हनं."

"पण शोभाबाई, मागे मागे का? सांगायचं होतं. आमच्याबरोबर चालायचं होतं."

"बाईमाणूस मयतले चालत नई. पुढे उनू असती तर तुम्हीच मांगे फिरावतात." तिनं हे रागानं म्हटलं नाही. खरं होतं तेवढं सांगितलं. "माले ठाऊक शे भाऊ, यामा पैसा शेतस. मी येडी नई. पन पुढे मडकं, मांगे माणसं. मयतच दिसनी."

भाऊंनी हातातल्या मडक्याकडे बघितलं.

"त्या रोज मी बायकास्ना हातमाईन निंघीसन मांगे धावनू व्हती," शोभाबाई म्हणाली. "चिखलमा पडनू. पन टेम्पो व्हता. टेम्पोना मांगे किती धावसू? आवाज बी दिन्हा. कोनी मांगे पाह्यंच नई." पदरानं तिनं डोळे कोरडे केले. "मंग तुम्ही पायी निंघनात असं समजनं. पायी जानाराले मी गाठी सकस."

त्या दिवशी टेम्पोत पुढे मडकं धरून कोण बसलं होतं, हे दोघांनाही माहीत होतं. मडकं धरलेल्यानं मागे पाहायचं नसतं. भाऊंनी रिवाज अगदी नीट पाळला होता.

त्यांनी शिंकाळं तिच्यापुढे धरलं. ती एक पाऊल मागे सरकली. "घ्या," ते म्हणाले. "इथून तुम्ही पुढे. मी मागे चालतो."

नवापूरच्या हद्दीवर जीप सरलाबाईंना घेऊन केव्हाची येऊन उभी होती. अध्यक्षांना नेमकी सर्दी झाली होती, पण भटूअण्णा, निंबा आणि धर्मेंद्र तिघेही हार घेऊन, यात्रा पूर्ण केल्याच्या चेहऱ्यानं ओळीत उभे होते. आधी त्यांना आवाज आला. सपक, खर्र. मग धुक्यातून डोक्यावर पदर घेतलेलं कोणी तरी बाहेर आलं, हातात मडकं, पायात रामदासच्या चपला, आणि त्याच्यामागे पांढऱ्या कपड्यात शालिग्रामभाऊ, खाली मान घालून. तिघांपैकी आधी कोण पळालं यावर आजही एकमत नाही. धर्मेंद्र जीपखाली सापडला. निंबा शेतात. भटूअण्णांना आणायला जीप परत पाठवावी लागली.

एकट्या सरलाबाई जागेवर उभ्या राहिल्या. नवरा चालतो आहे आणि त्याची पावलं सरळ पडताहेत, एवढं त्यांनी बघून घेतलं. मग त्या पुढे गेल्या आणि शोभाबाईला धरलं.

मडकं सगळ्यांसमोर फोडायचं ठरलं होतं, तेव्हा ते शोभाबाईनंच फोडलं. खांद्यावरून मागे टाकून, जसं टाकतात तसं. नाणी, नोटा, कुरमुरे, कारखान्याची राख, सगळं रस्ताभर झालं. थोडं महाराष्ट्रात पडलं, थोडं गुजरातेत. तिनं चपला काढल्या, हद्दीच्या पलीकडे, महाराष्ट्राच्या बाजूला, एका दगडाशी जोडून ठेवल्या. सरलाबाईंनी आपल्या चपला तिच्या पायात घातल्या. मुलीच्या गावच्या, विसरवाडीच्या गाडीत ती बसली तेव्हा तिनं मागे पाहिलं नाही. शालिग्रामभाऊ मात्र गाडी दिसेनाशी होईपर्यंत बघत उभे होते.

गाडी आली. म्हणजे मंडळाची शववाहिनी, जुनीच, पण रंग देऊन नवी केलेली. लायटिंग राहिलं. गाडीचा कारभार शालिग्रामभाऊंकडे आला आणि त्यांनी एकच नियम केला, तो मात्र गोडादऱ्यात अजून कोणाला पटलेला नाही. गाडी चालणाऱ्या माणसाच्या चालीनं जाईल. त्याहून जोरात नाही. आणि गल्लीच्या तोंडाशी कोणाला थांबवायचं नाही. ज्याला यायचं त्यानं मागून यावं, बाई असो की पुरुष. ड्रायव्हर वैतागतो. रिंगरोडला मागून हॉर्न वाजतात. भटूअण्णा तर चौघांत म्हणतात, पायीच जायचं होतं तर गाडी घेतली कशाला.

मयतीला शालिग्रामभाऊ ड्रायव्हरशेजारी बसतात, मांडीवर मडकं. मिशी पुन्हा आली आहे. आपल्या बाजूचा आरसा त्यांनी स्वतःकडे वळवून घेतला आहे, आणि स्मशान येईपर्यंत ते त्यातून मागे बघत असतात.